साडेअकराचं आभाळ

रिचार्ज करायला गेलो होतो. दुकानातल्या मुलीनं नंबर विचारला आणि मी मंदाचा नंबर सांगितला. माझा मला पाठ नाही. गॅसवाल्याला, बँकेत, दवाखान्यात, जिथे विचारतील तिथे मी तिचाच नंबर सांगत आलो, कारण फोन तीच उचलायची आणि निरोप तीच लक्षात ठेवायची. मुलीनं बोटं चालवली, "झालं काका" म्हणाली, आणि माझ्या शर्टाच्या खिशात मंदाचा फोन वाजायला लागला. एकदा नाही. थांबत थांबत, एकामागून एक. तो फोन शनिवारपासून मुका होता. त्याचं रिचार्ज संपलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, फोनलाही समजलं. मुलगी हसून म्हणाली, "काका, बघा तरी. कुणीतरी लई आठवण काढतंय." मी फोन बाहेर काढला. सगळे निरोप प्रशीलचे होते. "आई, आजचं आभाळ?" त्याच्याखाली, "आई, नेट नाही का?" त्याच्याखाली जहाजावरचा हवेचा दाब, वारा, लाटांची उंची. आणि पुन्हा, "आई, आभाळ?" मंदाला जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. समोर रिक्षा उभ्या होत्या, एक बाई वांग्यांची पाटी उतरवून घेत होती, भरताची पांढरी-हिरवी वांगी, मोठी, एकेक पाव किलोची. मला वाटलं, ही मंदाला दाखवावीत. असं दिवसातून किती वेळा वाटतं ते मी मोजत नाही. मग मी फोनकडे पाहिलं. आमचा प्रशील जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. कोळशाचं जहाज, ऑस्ट्रेलियातून निघालेलं, जपानला जायचं. मंदा गेली त्या गुरुवारी ते भर समुद्रात होतं आणि त्याच्या वाटेत एक वादळ तयार होत होतं. तिकडच्या वादळाला टायफून म्हणतात. प्रशीलला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. हा निर्णय सपनाचा, आमच्या मुलीचा. ती धुळ्याला असते, तिथे शाळेत शिकवते. दवाखान्याच्या ओट्यावर, तिच्या आईला अजून आत झाकून ठेवलेलं असताना, तिनं डोळे पुसले आणि आधी जहाजाच्या कंपनीत फोन लावला. म्हणाली, माझ्या भावाला बंदराला लागेपर्यंत कळू देऊ नका. मग मला म्हणाली, "नाना, तो येऊ शकत नाही. मधे उतरायला काय बसस्टँड आहे? नुसता रडत बसेल आणि वर वादळ. बंदराला लागला की मी सांगते." मंदाचा भाऊ मोतीलाल असोद्याहून मोटारसायकलवर आला होता, चप्पल न घालता. तोही तेच म्हणाला. "दाजी, पोऱ्याले आते काही सांगू नका. तो तठे, समुंदरमा. काय करी तो?" मी मान हलवली. मला त्या वेळी काहीही विचारलं असतं तरी मी मान हलवली असती.

पायरीवर बसून मी विचार केला की आता काहीतरी पाठवलं पाहिजे, नाहीतर तो घाबरेल. वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं. आश्विनात आमच्याकडे असं होतं, जाता पाऊस एखादा दिवस मागे वळून येतो. मी मंदाच्या फोनवर एकेक अक्षर शोधून लिहिलं, "आभाळ आठ. वारा नाही. फोन बंद होता. जेवलास का?" आणि पाठवलं. रस्ता ओलांडताना एक स्कूटरवाला ओरडून गेला, "ओ बाबा, घरी सांगून आले का?"

हे आभाळाचं काय ते सांगतो. प्रशील दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला होता तेव्हा गच्चीवर बसून आईला सांगत होता, जहाजावर काम काय असतं ते. तिला इतर गोष्टींत रस नव्हता. जहाज केवढं, पगार कसा, हे तिनं कधीच विचारलं नाही. पण तो म्हणाला की दर सहा तासांनी, जगातली बरीच जहाजं एकाच वेळी, आपापल्या जागेवरचं हवामान बघून कळवतात, तेव्हा ती भाजी निवडायची थांबली. वारा कुठून आहे, किती आहे. दाब किती. लाटा किती उंच. आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती झाकलेत ते लिहायचं. किनाऱ्यावरची आणि बेटांवरची स्टेशनंही त्याच वेळी कळवतात. मग ते सगळं एका नकाशावर मांडलं की वादळ कुठे आहे ते कळतं. आता उपग्रह वरून फोटो काढतो, तो म्हणाला, पण फोटोत ढग दिसतो. खाली समुद्रावर दाब किती पडला ते तिथे उभा असलेला माणूसच सांगतो. मंदानं विचारलं, "सगळे एकाच वेळी वर बघतात?" तो म्हणाला, "हो." "तुझी वेळ कोणती?" "माझी दुपारची पाळी असते. जहाजावर तीन वाजलेले असतात, तेव्हा इथे साडेअकरा." "मग आमचं कोण घेतं, साडेअकराला?" तो हसला. जळगावचं तिथे काय कामाचं, असं म्हणाला असता तर चाललं असतं. तो म्हणाला, "तू घे."

तेव्हापासून ती रोज साडेअकराला कुकरखालचा गॅस बारीक करून गच्चीवर जायची. मी पेपर वाचत असायचो. मला हसू यायचं. वाऱ्यासाठी जहाजावर समुद्राकडे बघून आकडा ठरवतात, फेस किती, तुषार किती. हिच्याकडे समुद्र नव्हता. मागच्या परसात असोद्याहून आणलेल्या तीन केळी होत्या. तिनं त्यांच्यावरून ठरवलं. पान नुसतं हललं तर दोन. पान उलटं होऊन पांढरी बाजू दिसली तर चार. पान फाटायला लागलं तर सहा. झाड पडलं तर पुढचे सगळे आकडे एकदम. मोतीलालची असोद्याला केळीची बाग आहे. त्याला ती हे सांगायची तेव्हा तो म्हणायचा, "मनी बहीण आभायना हिशोब ठेवस, आन् मी पडेल केयीना. दोन्हीमा नफा नही." ती म्हणायची, "तू गप बस. तुझ्या केळी पडल्या की तू नुसता रडतो. आकडा सांगतो का?"

मी स्वतः एस.टी.त होतो, धुळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. माझंही काम एका अर्थी असंच होतं, पण हे मला मंदा गेल्यावर सुचलं, ती असताना नाही. गाडी उशिरा झाली की माणसं खिडकीशी येऊन विचारत, गाडी कुठे आहे. गाडी मला दिसत नसे. मी नरडाण्याला फोन लावायचो, तिथला माणूस म्हणायचा, गेली. मग सोनगीरला लावायचो, तिथला म्हणायचा, अजून आली नाही. म्हणजे गाडी त्या दोघांच्या मधे आहे, सोनगीरच्या किल्ल्याच्या अलीकडे कुठेतरी. एवढंच कळायचं. पण तेवढ्यानं माणूस खिडकीपासून बाजूला व्हायचा, बाकावर जाऊन बसायचा. काही न कळणं त्यांना सहन व्हायचं नाही. मधे आहे, एवढं कळलं की व्हायचं.

त्या सोमवारी संध्याकाळी प्रशीलचं उत्तर आलं. "जेवलो. दाब ९९९, पडतोय. वारा ईशान्येचा, सात. जहाज हलतंय." बाकी काही नाही. फोन बंद का होता, असं नाही. मला बरं वाटलं. मी सपनाला म्हटलं, जमलं. ती स्वयंपाकघरात होती, आईचे दिवस होईपर्यंत राहायला आली होती. तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "काय लिहिलं तुम्ही?" मी म्हटलं, "आभाळ लिहिलं."

मग मला वादळाचं वेड लागलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सपनानं माझ्याही फोनचं रिचार्ज केलं आणि त्यावर नकाशा काढून दिला, त्यात समुद्र, बेटं आणि वादळाचा गोल. त्याच्यापुढे एक फुगत गेलेली पट्टी होती, वादळ कुठे जाऊ शकेल ते दाखवणारी. पहिल्या दिवशी ती पट्टी वायव्येकडे होती. दुसऱ्या दिवशी वळली. किनाऱ्यावरच्या स्टेशनांचे बारीक बाण होते आणि जहाजांचेही. जहाजांची नावं नव्हती. सोमवारी वादळाच्या भोवती बरेच बाण होते. मंगळवारी कमी झाले. जहाजं वादळापासून पळतात, हे प्रशीलनं मंदाला सांगितलं होतं, म्हणून जिथलं कळायला हवं असतं तिथलं कुणी कळवत नाही. बुधवारी त्या गोलाभोवती नुसता निळा रंग राहिला आणि खालच्या कडेला एकच बाण. तो त्याचाच असेल असं मी धरून चाललो. नसेलही. मी त्या बाणाकडे जेवताना बघायचो, आंघोळीला जाताना फोन बाहेर स्टुलावर ठेवून परत आलो की आधी बघायचो. एका बेटावरचं स्टेशन दर तासाला कळवत होतं. तिथला वारा ईशान्येचा होता, मग उत्तरेचा झाला, मग वायव्येचा. म्हणजे वादळ त्या बेटाच्या पूर्वेकडून गेलं. जणू सोनगीरचा माणूस म्हणाला, गेली.

वादळाबद्दलही प्रशील आईला सांगून गेला होता आणि मी पेपराआडून ऐकलं होतं. वादळ जवळ असलं की दर तासाला दोनच गोष्टी बघायच्या, दाब आणि वाऱ्याची दिशा. वारा उजवीकडे वळत गेला तर आपण वादळाच्या वाईट बाजूला आहोत. डावीकडे वळत गेला तर बऱ्या बाजूला. "आणि वळलाच नाही तर?" मंदानं विचारलं होतं. "वारा तसाच राहिला आणि दाब पडत राहिला, तर वादळ सरळ आपल्यावर येतंय." ती म्हणाली होती, "मग काय करायचं?" "मग पळायचं. कुठल्या बाजूला ते आधीच ठरलेलं असतं." मी तेव्हा बातमी वाचत होतो, कशाची ते आठवत नाही. त्या दोघांचं बोलणं मला नेहमी घरातल्या पंख्यासारखं वाटायचं, चालू आहे एवढं माहीत. आता त्यातला शब्द न् शब्द आठवतो. गुरुवारी सकाळीही ती काहीतरी बोलत होती. पोह्यांना मीठ कमी झालंय का, असं काहीतरी. मी "हं" म्हटलं. मग आवाज आला नाही. पंखा बंद झाला की कळतं तसं कळलं. मी गेलो तर ती ओट्याला टेकून खाली बसली होती, एक हात मांडीवर, पदर नीट. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही, बसू द्या जरा." रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि बसायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी उभा बरा आहे.

मंगळवारी दुपारी प्रशीलचा निरोप आला. "दाब ९९२. वारा ईशान्येचा, आठ." वारा वळला नव्हता. बुधवारी सकाळी, "९८४. ईशान्य." एवढंच. जेवलास का, याचं उत्तर नव्हतं. मी आभाळ पाठवत होतो. मंगळवारी आठ, बुधवारी पुन्हा आठ. बुधवार दुपारनंतर त्याच्याकडून काही आलं नाही. पाठवलेल्या निरोपाला बरोबरची एकच खूण येत होती, पोचल्याची दुसरी येत नव्हती. सपनानं कंपनीच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या माणसानं चांगल्या आवाजात सांगितलं की जहाज सुरक्षित आहे, खराब हवेत नेट बंद पडतं, कॅप्टननं वाट बदलली आहे. सपना म्हणाली, "बघा नाना, किती बरं झालं सांगितलं नाही. विचार करा, त्याला माहीत असतं आणि अशात तो तिथे उभा असता तर." मी म्हटलं, हो. खरंच तसं वाटलं.

त्या संध्याकाळी ती मंदाच्या फोनमधले फोटो काढत होती, रविवारच्या कार्यक्रमासाठी एक चांगला फोटो हवा होता म्हणून. मी बाहेर खुर्चीवर होतो. ती आतून आली आणि फोन हातात धरून दारात उभी राहिली. म्हणाली, "नाना, तुम्ही आठ लिहिलं?" मी म्हटलं, "भरलेलंच होतं आभाळ. खोटं नाही लिहिलं." ती म्हणाली, "आईनं कधीच आठ लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "असं कसं? पूर्ण पावसाळा गेला." तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि अंगठ्यानं वर सरकवत राहिली. जुलै, ऑगस्ट. सात. सात. सात. झड लागली होती तेव्हाही सात. "पाऊस. आभाळ सात. वारा दोन. जेवलास का?" प्रशीलनं एकदा विचारलेलं होतं, "आई, पाऊस पडतोय आणि सात? एक भाग कुठे मोकळा आहे?" आणि तिचं उत्तर, "उत्तरेला ती नवी बिल्डिंग झाली. तिच्यामागचं मला दिसत नाही. न पाहता कसं लिहू?" त्याखाली त्यानं हसण्याची चित्रं पाठवली होती.

मी गच्चीवर गेलो. अंधार पडायला आला होता. ती जिथे उभी राहायची तिथे, टाकीजवळ, मी उभा राहिलो. मी इतके दिवस जिन्याच्या तोंडाशीच उभं राहून वर मान करत होतो, डोक्यावर बघून लिहीत होतो. ती चारही बाजूंनी फिरून बघायची, एवढं मला खालून ऐकू यायचं, तिच्या चपला. उत्तरेला ती बिल्डिंग. सहा मजले, गच्चीवर काळ्या टाक्या. तिच्या मागे आभाळ होतं आणि ते मला दिसत नव्हतं. मला दुःख कशाचं झालं ते मला नीट सांगता येत नाही. बाई रोज इतकी काळजी घेत होती आणि मी खाली पेपर वाचत होतो, तेही होतं. पण त्याहून मोठं दुसरं होतं. सोमवारी प्रशीलनं आठ वाचलं. तो हेच काम करतो. जहाजावर तीन जण पाळीनं बघतात आणि नोंद वाचून त्याला कळतं की कुणी पाहिलं, हा नेहमी वारा एक जास्त धरतो, तो नेहमी ढग कमी. त्यानंच सांगितलं होतं. सोमवारी त्याला कळलं असणार की गच्चीवर दुसरंच कुणीतरी उभं आहे. आणि त्यानं विचारलं नाही. त्यानं दाब पाठवला.

खाली येऊन मी सपनाला म्हटलं, "त्याला संशय आला असेल." ती म्हणाली, "आला असेल तर विचारेल." मी म्हटलं, "नेट नाही." ती म्हणाली, "मग आता काय करायचं?" आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. पिठाचा डबा उघडा होता, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मंदानंच दळून आणलेलं, अर्ध्यावर आलेलं. सपना एकदम म्हणाली, "तुम्ही सात का नाही लिहिलं हो?" आणि मग रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच अशी रडली, ओट्यावर डोकं ठेवून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी आभाळ पाठवलंच. सपना नको म्हणाली, पण मला थांबवेना. टाकीजवळ उभं राहून, फिरून बघून लिहिलं. सात. सहा. खूण एकच येत राहिली. नकाशात वादळ वळलं होतं, उत्तरेकडे वर सरकत होतं, एका बेटावरच्या स्टेशनाचा बाण शुक्रवारी सकाळी गायब झाला. नेट गेलं असेल, वीज गेली असेल. मला भीती वाटली की तिथला माणूस गेला. खालचा तो एक बाणही नव्हता. रात्री अंथरुणावर पडून मी डोळे मिटायचो आणि मला धुळ्याचा स्टँड दिसायचा, खिडकीशी माणसं, मी फोन लावतोय, नरडाणा उचलत नाही, सोनगीर उचलत नाही.

रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. गल्लीत मंडप घातला. असोद्याची, बोदवडची, धुळ्याची माणसं आली, पांढऱ्या कपड्यांत. मधे बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, बाजूला मंदाचा, सपनाच्या लग्नातला, ज्यात ती कुणाकडे तरी बघून काहीतरी बोलतेय. बौद्धाचार्य म्हणून आमच्याच वस्तीतले तोतारामजी होते. ते शांत आवाजाचे गृहस्थ. ते एकेक ओळ म्हणत आणि आम्ही सगळे मागून म्हणत होतो. हे मी लहानपणापासून म्हणत आलोय. माझ्या बापाच्या वेळी म्हटलं, आईच्या वेळी म्हटलं, लग्नांत म्हटलं. तोंड आपोआप चालतं. त्रिशरण झालं, शीलं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. तोतारामजी म्हणाले, मागून सगळ्यांचा आवाज आला, आणि माझं तोंड उघडलं पण त्यातून काही निघेना. त्याच दिवशी साडेअकराला मी मंदाच्या फोनवरून लिहिलं होतं, "आभाळ पाच. घरी थोडे पाहुणे आहेत. जेवलास का?" तिच्याच कार्यक्रमाला आलेले पाहुणे. लोकांना वाटलं, भरून आलं. मोतीलालनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी. आम्ही बठ्ठा म्हणी ऱ्हायनूत." पाचवं शील सगळ्यांनी म्हटलं. मी चौथ्यावरच होतो.

जेवणं चालू असताना मी सपनाला आतल्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "मी त्याला सांगणार." ती वाढून आलेली होती, हाताला वरणाचे डाग. म्हणाली, "नाना, दोन दिवसांत बंदर आहे. एवढं थांबलो." "त्याला कळलंय. तो एकटा आहे." "कळलंय असं तुम्हाला वाटतं. नसलं कळलं तर? समुद्र अजून खवळलेलाच आहे. तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्याच्यावर टाकणार का?" हे तिनं रागानं नाही म्हटलं. मला खरोखर विचारलं. मी पलंगाच्या कडेला बसलो. ती बरोबर असू शकते, हे मला कळत होतं. माझ्यासाठीच मी हे करत असेन, हेही. मी म्हटलं, "सपना, तुला जर कुणी असं..." बाहेरून कुणीतरी ओरडलं, "ताई, पोळ्या संपल्या!" ती दारात थांबली. म्हणाली, "तुमच्या फोनवरून सांगा. आईच्या नको." आणि गेली.

मी माझ्या फोनवरून लिहिलं, "प्रशील, आभाळ मी पाहत होतो. नेट आलं की फोन कर. नाना." एकच खूण आली. मी फोन घेऊन गच्चीवर जाऊन बसलो, टाकीच्या सावलीत. खाली पंगती उठल्या, नवीन बसल्या, भांड्यांचा आवाज, मोतीलाल कुणाला तरी आग्रह करत होता, "ले वो माय, मनी बहीणनं घर शे, लाजू नको." ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याचं नेट आलं. आधी माझ्या फोनवर दुसरी खूण उमटली. मग फोन वाजला. मी उचलला. कानाला लावला. पलीकडे मोठा घरघराट होता, यंत्राचा की वाऱ्याचा, आणि काहीतरी लोखंडी हलत होतं.

"नाना."

"हो. कसा आहेस? जहाज?"

"ठीक आहे. वारा वळला. डावीकडे. दाब चढतोय."

"प्रशील, आई गेली रे."

त्याला वेळ लागला. की आवाज पोचायला वेळ लागला, कोण जाणे.

"हो," तो म्हणाला. "कधी?"

"आज दहा दिवस झाले. गुरुवारी, सकाळी."

"त्या गुरुवारी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तिला देवमासा दिसला ते लिहिलं होतं."

"तुला सोमवारी कळलं ना?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, नाना."

खाली कुणीतरी नळ सोडला.

तो म्हणाला, "मला वाटलं, आजारी असेल. दवाखान्यात असेल. तुम्ही रोज पाठवत होतात, तर मी म्हटलं, नाना निदान उभे आहेत. मग नेट गेलं." आणि मग म्हणाला, "त्रास झाला का तिला?"

मी त्याला सगळं सांगितलं. पोह्यांचं सांगितलं. ती ओट्याला टेकून कशी बसली होती, पदर कसा नीट होता, "बसू द्या जरा" म्हणाली ते. रिक्षात तिचं डोकं कुठे होतं ते. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, सपनालाही इतकं नाही. सांगता सांगता मला पलीकडून त्याचं रडणं ऐकू यायला लागलं. तो लहानपणीही असाच रडायचा, आवाज आत ओढून, मग एकदम सुटायचा. मी बोलायचं थांबलो. मी फोन कानाला नीट धरून ठेवला, एवढंच केलं. तो घरघराट आणि त्यात तो.

मग त्याच्या मागे कुणीतरी दार उघडलं. वाऱ्याचा आवाज एकदम मोठा झाला आणि एक माणूस हिंदीत ओरडला, "सेकंड साब, कॅप्टन ऊपर बुला रहे हैं!"

"आया, दो मिनट," प्रशील म्हणाला.

तो आवाज साधा होता. जरा मोठा, खणखणीत, ऐकणाऱ्याला कशाचाही पत्ता लागणार नाही असा. सोमवारपासून तो जहाजावर सगळ्यांशी त्याच आवाजात बोलत आला होता.